राजकीय चित्रपट पाहून मत बदलते की केवळ मनःस्थिती?

आडवाट (प्रश्न)

आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आम्ही अधूनमधून चित्रपट दाखवतो आणि त्यावर चर्चा घेतो. या सत्रात जब्बार पटेलांचे ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ हे दोन चित्रपट लागोपाठच्या आठवड्यांत दाखवले. दोन्हींची पटकथा विजय तेंडुलकरांची, दोन्हींत निळू फुले आणि श्रीराम लागू, दोन्हींचा विषय महाराष्ट्रातील सत्ता, आणि मधले अंतर जेमतेम चार-पाच वर्षांचे. तरीही दोन्ही चर्चांचा सूर इतका वेगळा लागला की त्याचा विचार मनातून जात नाही.

‘सामना’नंतर मुले आपल्या भागाविषयी बोलू लागली. साखर कारखान्याच्या निवडणुकीत कोणाचे पॅनल कसे उभे राहते, ग्रामसभा कागदावर कशी भरते, माहितीच्या अधिकारात अर्ज केला तर गावात काय होते, असे ठोस प्रश्न निघाले. ‘सिंहासन’नंतर मात्र हीच मुले ‘सगळे एकाच माळेचे मणी’ या निष्कर्षावर येऊन थांबली. काहींनी तर पहिल्यांदाच मतदान करायला मिळणार असताना ‘नोटा’ दाबू किंवा जाणारच नाही, असे सांगितले. चित्रपट मात्र दोघांपैकी ‘सिंहासन’च अधिक आवडल्याचे बहुतेकांचे म्हणणे पडले.

हा फरक कथेच्या मांडणीतून आला, की मुलांचे मत आधीच तसे होते आणि चित्रपटाने त्याला फक्त शब्द दिले, हे मला समजून घ्यायचे आहे. असा परिणाम टिकतो की चित्रपटाची धुंदी उतरली की जातो, याविषयी कोणी नीट अभ्यास केला आहे का? आणि शिक्षक म्हणून चर्चा घेताना मी काय करावे? ‘चित्रपट हा समाजाचा आरसा आहे’ छापाची उत्तरे कृपया नकोत. ती मुलांच्या निबंधांतून भरपूर वाचली आहेत.

निरंजन_वा

अभ्यास झालेले आहेत, आणि तुमच्या अनुभवाशी फार जवळचा एक आहे. ऑलिव्हर स्टोन यांचा ‘जेएफके’ हा चित्रपट 1991 मध्ये आला. केनेडींच्या हत्येमागे मोठे कारस्थान होते, असे तो चित्रपट अत्यंत आवेगाने मांडतो. लिसा बटलर, शेरिल कूपमन आणि फिलिप झिंबार्डो यांनी चित्रपटगृहात शिरणाऱ्या आणि पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना तेच प्रश्न विचारून दोन्ही गटांची तुलना केली. तो निबंध 1995 मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेर पडणाऱ्यांमध्ये राग वाढलेला होता आणि कारस्थानावरचा विश्वासही वाढलेला होता. त्यांच्या एकंदर राजकीय भूमिकेत फरक नव्हता. पण मतदान करण्याचा किंवा राजकीय कार्यासाठी वेळ वा पैसा देण्याचा इरादा मात्र शिरणाऱ्यांपेक्षा कमी होता. म्हणजे डावा प्रेक्षक उजवा झाला नाही, उजवा डावा झाला नाही. दोघेही संतापले आणि दोघांचेही हात गळाले. तुमच्या वर्गात याहून वेगळे काय घडले?

टिकण्याविषयी सर्वांत जुना पुरावा 1930च्या दशकाच्या सुरुवातीचा आहे. पीटरसन आणि थर्स्टन यांनी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, जेथील मुलांचा कृष्णवर्णीयांशी फारसा संबंध येत नव्हता अशा एका लहान गावात, ग्रिफिथचा 1915 मधील ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा कु क्लक्स क्लान या कृष्णवर्णीयांवर हिंसाचार करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेचा गौरव करणारा चित्रपट शाळकरी मुलांना दाखवला. मुलांची कृष्णवर्णीयांविषयीची मते चित्रपटाआधी, लगेच नंतर आणि पुन्हा पाच महिन्यांनी मोजली. मते ठळकपणे प्रतिकूल झाली होती, आणि पाच महिन्यांनंतरही त्यांतील बराचसा प्रतिकूलपणा कायम होता. (आज कोणतीही नीतिसमिती असा प्रयोग मान्य करणार नाही, आणि ते योग्यच आहे.) याच संशोधकांनी चिनी माणसाची सहानुभूतीने कथा सांगणारा एक चित्रपट दुसऱ्या गावात दाखवला, तेव्हा तेथील मुलांची चिनी लोकांविषयीची मते अनुकूल झाली. ज्या माणसांशी रोजचा संबंध नाही, त्यांच्याबाबतीत पडद्यावरची ओळख हीच पहिली ओळख ठरते, असा त्याचा अर्थ मी लावतो. तुमच्या मुलांचा गावच्या सरपंचाशी संबंध येतो, मंत्रालयातल्या सहाव्या मजल्याशी येत नाही. त्यामुळे ‘सामना’ त्यांना स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहता आला आणि ‘सिंहासन’ जसाच्या तसा स्वीकारावा लागला, हे शक्य आहे.

‘ही तर काल्पनिक कथा आहे’ असे बजावल्याने फारसे काही साधत नाही, हेही सांगायला हवे. मेलनी ग्रीन आणि टिमथी ब्रॉक यांनी 2000 मध्ये कथेत हरवून जाण्याच्या अवस्थेवर काम केले. वाचक कथेत जितका रमला, तितक्या त्याला तिच्यातल्या खटकणाऱ्या गोष्टी कमी दिसल्या आणि त्याची मते कथेच्या बाजूने तितकी अधिक झुकली. मजकूर सत्य आहे की कल्पित, हे आधी सांगून ठेवल्याने यात विशेष फरक पडला नाही. प्रयोग लिखित कथांवर झाला असला, तरी चित्रपटांच्या सुरुवातीची ती ‘साधर्म्य आढळल्यास योगायोग समजावा’ ही पाटी कोर्टासाठी असते, प्रेक्षकासाठी नाही, एवढे त्यावरून म्हणता येईल.

पडद्यामागे

मी संकलनाच्या कामात आहे, त्यामुळे माझे उत्तर थोडे कारागिराचे असेल. माझ्या मते प्रश्न चित्रपट ‘काय सांगतो’ हा नसून, कथा प्रेक्षकाला कोणाच्या शेजारी बसवते आणि तेथे बसवून त्याला कोणते काम देते, हा आहे.

‘सामना’मध्ये आपण मास्तरांबरोबर गावात येतो. मास्तर हा स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेला, आता दारूच्या आहारी गेलेला, कोणतेही पद नसलेला म्हातारा आहे. हिंदुराव धोंडे पाटलाच्या साम्राज्यात तो आश्रित म्हणून राहतो आणि तरी एकच गोष्ट करत राहतो: बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, हे विचारत राहतो. कथेची सारी गती या विचारण्यातून येते. प्रेक्षक जागेवर बसून मनात तेच विचारू लागतो, आणि चित्रपट संपला तरी ते काम संपत नाही. ‘मारुती कांबळेचं काय झालं?’ हे वाक्य अग्रलेखांत, भाषणांत, कट्ट्यावरच्या गप्पांत इतकी वर्षे फिरते आहे, चित्रपट न पाहिलेल्यांच्याही तोंडी आहे, यामागे तेंडुलकरांच्या संवादाचा जोर आहेच. पण तो प्रश्न कोणत्याही सामान्य माणसाला, कोणतेही पद नसताना, विचारता येतो, हेही त्याचे कारण आहे. तुमच्या मुलांना माहितीचा अधिकार आठवला, तो उगाच नाही.

आता ‘सिंहासन’ पाहा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून पटकथा रचलेली. मुख्यमंत्री जिवाजीराव, त्यांची खुर्ची ओढू पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, कामगार पुढारी डिकास्टा, तस्कर, उद्योगपती, आमदारांची ये-जा. या सगळ्यांतून आपल्याला फिरवून आणतो तो पत्रकार दिगू टिपणीस. मागच्या चित्रपटात हिंदुराव झालेले निळू फुले येथे दिगू आहेत. दिगूला सर्व काही कळते आणि काहीही करता येत नाही. त्याच्याशेजारी बसलेल्या प्रेक्षकालाही सर्व काही कळते: कोण कोणाला भेटले, कोणाचे दर काय, कोणता आजार खरा आणि कोणता राजकीय. हे कळण्यात विलक्षण सुख आहे. अरुण सरनाईकांनी मुख्यमंत्र्याचा धूर्तपणा इतक्या देखण्या संयमाने उभा केला आहे की त्याच्या चाली पाहताना आपण नकळत त्याला दाद देतो. आपण भोळे राहिलो नाही, आपल्याला आतली गोष्ट ठाऊक आहे, ही भावना घेऊन प्रेक्षक बाहेर पडतो. ‘सगळे सारखेच’ हे वाक्य निराशेचे वाटते खरे. पण ते उच्चारणाऱ्याला त्यातून शहाणपणाचा मोबदला मिळतो. मुलांना ‘सिंहासन’ अधिक आवडला, हा तुमच्या तक्रारीशी विसंगत तपशील नाही. माझ्या मते तोच तिचा उलगडा आहे.

आणखी एक गोष्ट पुन्हा पाहताना लक्षात घ्यावी. एवढ्या मोठ्या पटावर मतदार जवळजवळ नाहीच. आमदार फुटतात, संप होतात, फायली हलतात. पण निवडून देणारा माणूस कथेच्या एकाही वळणाला कारणीभूत होत नाही. हा चित्रपटाचा दोष मी मानत नाही, कारण दोन निवडणुकांच्या मधले राजकारण हाच त्याचा विषय आहे आणि तो त्याने अचूक पकडला आहे. पण जो प्रेक्षक मुळात मतदार आहे, त्याला या कथेत स्वतःची जागा सापडत नाही, आणि कथेत आपले काही काम नाही म्हणजे वास्तवातही नाही, अशी त्याची समजूत होणे अगदी स्वाभाविक आहे.

याउलट अवधूत गुप्ते यांच्या 2010 मधील ‘झेंडा’त कथा कार्यकर्त्याच्या शेजारी बसते. पक्ष फुटतो, नेते आपापल्या वाटा धरतात, आणि ज्याने खांद्यावर झेंडा वाहिला त्याची फरफट होते. चित्रपट म्हणून तो ‘सिंहासन’च्या तोडीचा मुळीच नाही, मात्र तो पाहून ‘सगळे सारखेच’ म्हणणारा माणूस आणि ‘माझा वापर झाला’ म्हणणारा माणूस यांत फरक आहे. दुसरा निदान स्वतःविषयी बोलतो आहे.

जुना_बातमीदार

वरचे विवेचन वाचायला चांगले वाटले, तरी माझा आक्षेप नोंदवतो. चित्रपटाला आपण फार मोठे श्रेय किंवा फार मोठा दोष देत आहोत.

‘सिंहासन’ 1979 मध्ये आला. त्याच्या आदल्याच वर्षी, जुलै 1978 मध्ये, वसंतदादा पाटलांचे सरकार पडून शरद पवारांचे पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचे सरकार आले होते. कादंबऱ्या त्याआधीच्या; पण प्रेक्षक चित्रपटगृहात शिरला तो वर्षभर वर्तमानपत्रे वाचूनच. त्याला पडद्याने निंदकपणा शिकवला नाही. त्याने तो खिशातून बरोबर आणला होता. तुमच्या विद्यार्थ्यांनी नोव्हेंबर 2019 चा पहाटेचा शपथविधी ऐकलेला आहे, 2022 ची शिवसेनेतली फूट पाहिलेली आहे. त्यांना चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा कृष्णधवल चित्रपट ‘हा तर आजचाच’ वाटला, तर त्यात तेंडुलकरांचा अपराध किती आणि आमच्या पुढाऱ्यांचा किती?

चित्रपटाने राजकारण घडवल्याचे आपल्या देशातले सर्वांत मोठे उदाहरण तामिळनाडूचे दिले जाते. ‘पराशक्ती’ 1952 मध्ये आला; त्याचे संवाद द्रमुक पक्षाच्या करुणानिधींचे होते आणि न्यायालयातल्या त्या लांबलचक भाषणाची पारायणे झाली. द्रमुक सत्तेवर आला 1967 मध्ये. मधल्या पंधरा वर्षांत काय झाले, हे सांगणारे कमी भेटतात. पक्षाच्या शाखा, वाचनालये, सभा, हिंदीविरोधी आंदोलने आणि रसिक मंडळांचे गावोगावचे जाळे यांनी ती कथा रोजच्या रोज जिवंत ठेवली. अभिनेते एम. जी. रामचंद्रन 1977 मध्ये मुख्यमंत्री झाले ते गरिबांचा कैवारी म्हणून पडद्यावर दिसले एवढ्यामुळे नव्हे. पडद्यावरची ती प्रतिमा आणि वस्तीवस्तीतील मंडळे यांची जोड होती म्हणून. मराठीत अशी साखळी कधी तयार झाली नाही. ‘सामना’ पाहून सहकारसम्राट हादरले असतील, तर त्याचा पुरावा मला माझ्या नोकरीच्या काळात कोठे दिसला नाही. त्यांच्यापैकी कित्येकांनी तो पाहून निळूभाऊंचे कौतुकच केले असेल.

परिणामाची खात्री सर्वांत जास्त कोणाला असते, तर सरकारला. ‘आंधी’चे प्रदर्शन आणीबाणीत थांबले आणि ‘किस्सा कुर्सी का’च्या प्रती नष्ट झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांच्या खटल्यात चित्रपटांचे पूर्वपरीक्षण (सेन्सॉर) वैध ठरवले, तेही चित्रपट इतर कलांपेक्षा भावना अधिक खोलवर ढवळतो, या कारणाने. निवडणूक आयोगाने एप्रिल 2019 मध्ये पंतप्रधानांवरील चरित्रपटाचे प्रदर्शन मतदान संपेपर्यंत रोखले. डेव्हिसन नावाच्या अभ्यासकाने 1983 मध्ये या वृत्तीचे चांगले निदान केले होते: प्रत्येकाला वाटते की प्रचाराचा परिणाम आपल्यावर होत नाही, इतरांवर होतो. पूर्वपरीक्षण मंडळातले लोक तेवढे चित्रपट पाहूनही स्वतः बिघडल्याचे कधी सांगत नाहीत. शिक्षकही विद्यार्थ्यांविषयी असेच समजतात, हे आडवाट यांनी क्षमा करून ऐकून घ्यावे.

निरंजन_वा

बातमीदारसाहेब, डेव्हिसनचा टोला मान्य आहे. पण ‘खिशातून आणला होता’ हे सगळ्याच गोष्टींचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. आडवाट यांचे विद्यार्थी दोन्ही आठवड्यांत तेच होते आणि त्यांचे खिसेही तेच होते. ‘जेएफके’च्या अभ्यासात तुमचा आक्षेप काही अंशी लागू पडतो, कारण तिकीट काढून आलेला प्रेक्षक मुळात त्या विषयाकडे ओढलेला असतो. तरी शिरणारे आणि बाहेर पडणारे असे दोन्ही गट तिकीट काढलेलेच होते.

तामिळनाडूविषयी तुम्ही जे लिहिले आहे, ते मला ‘पडद्यामागे’ यांच्या म्हणण्याला पूरक वाटते. कथेने काम दिले आणि ते काम करायला बाहेर शाखा होती, मंडळ होते. ‘जेएफके’च्या प्रेक्षकाला कथेने राग दिला, पण कामच दिले नाही, तिथला वकील जीव तोडून खटला लढवतो आणि ज्यूरी आरोपीला निर्दोष सोडते. शिल्लक राहतो तो राग, आणि त्याचे करायचे काय हे कोणीच सांगत नाही.

शांतो अय्यंगार यांनी 1991 च्या आपल्या पुस्तकात दूरचित्रवाणीच्या बातम्यांविषयी एक निरीक्षण मांडले आहे. दारिद्र्याची बातमी एका गरीब माणसाची गोष्ट म्हणून सांगितली, तर प्रेक्षक जबाबदारी त्या माणसावर टाकतात. आकडे आणि परिस्थिती सांगून मांडली, तर समाजावर आणि सरकारवर. यावरून राजकीय कथापटांची मोठी अडचण दिसते. एक खलनायक उभा केला की राग धरायला जागा मिळते, पण तो पडला की प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. व्यवस्था दाखवली की चित्र अधिक खरे होते, पण प्रेक्षकाला कोणाचाच हात धरता येत नाही. ‘सामना’ने हिंदुरावाला खलनायक केले, तरी त्याने उभी केलेली कामे, त्याचा दिलदारपणा, त्याचे एकटेपण हे सारे दाखवून त्याला व्यवस्थेतच रोवून ठेवले, म्हणून तो या अडचणीतून बराचसा सुटला, असे मला वाटते.

आडवाट

सर्वांचे आभार. बातमीदारसाहेबांचा टोला लागला, पण आवडला. कथेने दिलेले ‘काम’ ही कल्पना वर्गात वापरता येईल असे दिसते. आता प्रत्यक्षात काय करावे, याविषयी कोणी सुचवू शकेल का? ‘सिंहासन’ दाखवूच नये, हे उत्तर मला मान्य होणार नाही.

मृणाल_पेठ

मी शाळेत आणि नंतर प्रौढांच्या गटांत चित्रपट-रसास्वादाचे वर्ग घेते. ‘सिंहासन’ अवश्य दाखवावा, पण चर्चा चित्रपट संपता संपता घेऊ नये. मुले त्या वेळी दिगूच्याच मनःस्थितीत असतात. शेवटी त्याचे भान सुटते, ते पाहून वर्गात जे काही बोलले जाईल ते दिगूचे बोलणे असेल. एक दिवस जाऊ द्यावा. शक्य असेल तर मुलांकडून चित्रपटाआधी, दुसऱ्या दिवशी आणि दोनेक आठवड्यांनी निनावी चिठ्ठीवर तेच दोन प्रश्न लिहून घ्यावेत: मत दिल्याने काही बदलते का, आणि एखादी चुकीची गोष्ट दिसली तर तुम्ही कोणाकडे जाल. दोन आठवड्यांचे अंतर मुद्दाम सुचवते आहे. मार्कुस आपेल आणि टोबियास रिश्टर या जर्मन संशोधकांना 2007 मध्ये असे आढळले की कल्पित कथेतून आलेल्या समजुती दोन आठवड्यांत ओसरत नाहीत, उलट अधिक पक्क्या होतात. ती समजूत कोठून आली हे माणूस विसरतो आणि ती स्वतःचीच मानू लागतो. मुलांच्या तिसऱ्या चिठ्ठ्या त्यांच्याच पहिल्या चिठ्ठ्यांशेजारी ठेवून त्यांना वाचायला द्याव्यात. तुम्ही काही समजावून सांगण्यापेक्षा त्यातून त्यांना अधिक कळेल.

दुसरे, ‘पडद्यामागे’ यांनी दाखवलेली मतदाराची अनुपस्थिती हाच गृहपाठ करावा. ‘सिंहासन’मधला कोणताही एक प्रसंग घ्या आणि तो जिवाजीरावांच्या मतदारसंघातील एका मतदाराच्या बाजूने पुन्हा लिहा. मी एका गटाला असे लिहायला दिले होते. बहुतेकांना पहिले पानभर काहीच सुचले नाही, कारण त्या मतदाराला प्रसंगातली कोणतीच माहिती नसते. मग एका मुलीने त्याला आमदाराच्या कार्यालयाबाहेर रस्त्याच्या कामासाठी ताटकळत बसवले. आत कारस्थान चालले आहे आणि बाहेर हा बसला आहे, असे ते लिखाण होते. चर्चा तिथून खऱ्या अर्थाने सुरू झाली, आणि आमदार निधी कसा खर्च होतो, इथपर्यंत गेली.

तिसरा चित्रपट म्हणून चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ घ्यावा. एका सफाई कामगाराचा गटारात मृत्यू होतो, आणि गाण्यातून त्याला आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा आरोप लोकशाहीर नारायण कांबळे याच्यावर ठेवला जातो. (‘सामना’तला बेपत्ता माणूसही कांबळेच होता, हे मुलांच्या लक्षात येते का पाहा, आले तर त्यावर एक वेगळा तास लागेल.) या चित्रपटात खलनायक नाही. सरकारी वकील घरी जाऊन स्वयंपाक करते, न्यायाधीश सुट्टीत सहलीला जातात, आणि तारखांवर तारखा पडत राहतात. कॅमेरा लांब उभा राहतो, दृश्ये पटकन तोडत नाही, आणि कोठे चिडायचे याची खूण करणारे पार्श्वसंगीतही देत नाही. कोणाच्याही शेजारी बसायला न मिळाल्यामुळे अनेक प्रेक्षक अस्वस्थ होतात, काही सरळ कंटाळतात. ‘सिंहासन’नंतर तो दाखवला तर दोन्ही चित्रपटांनी आपल्याला कोठे बसवले, हा फरक मुलांना अंगावर जाणवतो.

चर्चेत कंटाळा आला म्हणणाऱ्यांना आधी बोलू द्यावे. कोणत्या दृश्यात कंटाळा आला आणि त्या वेळी पडद्यावर कोणाचे काय नुकसान होत होते, एवढेच त्यांना विचारावे. माझ्या वर्गातला नेहमीचा अनुभव असा आहे की ते दृश्य बहुधा जामिनाच्या अर्जाचे निघते.